रंगीत मुद्रणाची पूर्वतयारी आणि ऐतिहासिक चित्रांचे प्रामाण्य

पेशवाईतील पुरुषांची जी चित्रे घरोघर, शाळांच्या भिंतींवर व क्रमिक पुस्तकांत आढळतात, त्यांपैकी बहुतेक मूळ चित्रे नसून छापील प्रती होत, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तथापि अशी छापील प्रत आधार म्हणून पुढे करताना ती कोणत्या रीतीने छापली, छापण्यापूर्वी मूळ चित्रावर कोणते संस्कार झाले व ते कोणाच्या हातून झाले, याची विचारपूस क्वचितच होते. हस्तलिखिताच्या बाबतीत आपण असे कधी करीत नाही. पोथी हाती आली की लेखनशक कोणता, आदर्शप्रत कोणती असावी, हरताळ कोठे फिरविला आहे, समासातील अक्षर मूळ हाताचे की परहस्ताचे, हे पाहिल्यावाचून तिच्यातील पाठास आपण मान्यता देत नाही. चित्राच्या छापील प्रतीस ही परीक्षा लागू करू नये असे कोठेही सांगितलेले नाही. ती लागू होत नाही याचे कारण इतकेच की, रंगीत मुद्रणाच्या पूर्वतयारीची माहिती आपल्या मंडळींत फारशी नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, रंगीत चित्राचे जे बरेवाईट व्हावयाचे ते कागद यंत्रात शिरण्यापूर्वीच होऊन चुकते. आणि ही गोष्ट चित्रशाळेच्या शिळांस जितकी लागू होती तितकीच संगणकावर तयार होणाऱ्या आजच्या फाइलीसही लागू आहे.

प्रारंभ रंगापासून न करता रेषेपासून करणे बरे. चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ साली पुण्यास आला. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने येथे काम केले व गंगाराम चिंतामण तांबट यासारखे येथील कारागीर त्याच्या हाताखाली तयार झाले. सवाई माधवरावांच्या दरबारात मॅलेट तहाची वाटाघाट पुरी करीत आहे, असे जे प्रसिद्ध चित्र आहे, ते या वेल्सच्या खटपटीचे फळ होय. परंतु त्याची वंशावळ पाहण्याजोगी आहे. तह झाला १७९० साली. वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ साली. अर्थात प्रसंग त्याने डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्याने दरबारातील मंडळींची रेखाटने मागाहून केली आणि १७९५ साली तो वारला. ती रेखाटने थॉमस डॅनियल याच्या हाती जाऊन त्याने इंग्लंडात १८०५ साली तैलचित्र पुरे केले, व त्यावरून चार्ल्स टर्नर याने १८०७ साली ताम्रपटावर कोरून त्याचे ठसे काढले. म्हणजे ठसा पाहणारा मनुष्य मूळ दरबारापासून तिसऱ्या पिढीत असतो. पोथीच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही आदर्शप्रतीच्या प्रतीची प्रत होय.

ताम्रपटाचा एक धर्म येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे शिळेलाही तो लागू आहे. धातूवर जे कोरावे त्याचे कागदावर उलटे प्रतिबिंब उमटते. अक्षरे कोरणारा यात चुकत नाही, कारण चुकला तर ती वाचताच येत नाहीत. मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली ताम्रपटावरून भगवद्गीता छापली गेली. या उद्योगाचे मूळ नाना फडणविसांच्या इच्छेत होते असे सांगतात. नाना १८०० साली निवर्तले व काम पुण्याहून मिरजेस गेले. त्या गीतेचे पट कोरणाऱ्या तांबटास प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागले. चित्राचे तसे नाही. चेहरा उलटा झाला तरी तो चेहराच राहतो, आणि कोरणाराने आरशात पाहून काम करण्याचा कंटाळा केला तर दोष कोणाच्या लक्षात येत नाही. मग तलवार उजव्या कमरेस जाते, जपमाळ डाव्या हाती येते. अंगरख्याचे बंद तर विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत: मोगलाई काळच्या चित्रांत हिंदूंच्या जाम्याचे बंद डाव्या बगलेखाली व मुसलमानांचे उजव्या बगलेखाली दाखविण्याचा प्रघात होता, आणि अनामिक चित्रातील पुरुष कोण हे ठरविताना अभ्यासक त्याचा उपयोग करतात. उलट्या छापलेल्या चित्रावरून हा निर्णय केला तर काय होईल ते सांगावयास नको. यास्तव अनोळखी छापील चित्र हाती आल्यास प्रथम त्यात कोठे अक्षरे, शिक्का अथवा अन्य एकमार्गी खूण आहे काय, ते पाहावे.

शिळाछापाची विद्या बव्हेरियातील सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. सोलनहोफेन येथील चुनखडीचा दगड सपाट घासून त्यावर तेलकट शाईने अथवा खडूने लिहावे, डिंक व किंचित नत्राम्ल यांचा हात द्यावा, मग दगड पाण्याने ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवावा. तेलकट जागी शाई धरते, ओल्या जागी धरत नाही. तत्त्व एवढेच. आपल्याकडे या विद्येचे पहिले मोठे यश पंचांगे व पोथ्या यांत दिसते. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईस १८३१ साली छापलेले पंचांग प्रसिद्ध आहे. शिळाछाप पोथी हे हस्तलिखिताचेच अपत्य असल्याने तिचे आडवे पत्र, चौकट, समास, पत्रांक हे सर्व पोथीप्रमाणे राहिले, आणि संग्राहकाची फसगतही कधी कधी त्यामुळे होते. ज्या शिळाछाप पोथ्यांत तांबडी चौकट वा तांबडे दंड आहेत, त्यांत ते दुसऱ्या शिळेवरून छापले आहेत की मागाहून हाताने ओढले आहेत, हे भिंगाने पाहावे. दुसरी शिळा असेल तर सबंध पत्रावरील तांबडा भाग एकाच दिशेने, एकाच मापाने सरकलेला आढळतो. हाताचे काम असेल तर प्रत्येक दंड आपापल्या परीने वाकडा असतो. दोन शिळांची जुळणी हा रंगीत मुद्रणातील पहिला प्रश्न, आणि तो या दोन रंगांच्या पोथीतच उभा राहिला.

पुण्यात या विद्येस खरे स्थान मिळाले ते चित्रशाळेमुळे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली बाळकृष्णपंत जोशी व शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्याने हा छापखाना काढला. शाळिग्राम हे त्याच साली सुरू झालेल्या 'काव्येतिहास-संग्रह' मासिकाचेही एक चालक, हे ध्यानात ठेविले म्हणजे बखरी छापण्याची व नाना फडणविसांचे चित्र छापण्याची प्रेरणा एकच होती हे दिसून येते. शास्त्रीबोवा १८८२ साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. चित्रशाळा पुढे वासुकाका जोशी यांच्या हाती दीर्घकाळ चालली आणि रामपंचायतन, नाना फडणवीस इत्यादी तिची चित्रे महाराष्ट्रभर पसरली.

अशा चित्राची पूर्वतयारी कशी होत असे? रंगीत शिळाछापाची रीत त्या काळी सर्व देशांत बहुधा एकच होती. ती येथे थोडी विस्ताराने देतो, कारण संग्राहकास जे काही ओळखावयाचे आहे ते सर्व तीतच आहे. प्रथम मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक रंगाच्या व छटेच्या सीमारेषा गिरवून घेत. येथे लक्षात ठेवावे की, या रेषा चित्रकाराच्या नव्हेत. गालावरची लाली कोठे संपते व सावळी छटा कोठे सुरू होते हे मूळ चित्रात ठरलेले नसते; तेथे ते मिसळून गेलेले असते. गिरविणाऱ्यास मात्र एक रेषा काढून ते ठरवावे लागे. ही गिरवणी पहिल्या शिळेवर उतरवीत, तिचे ठसे काढून त्यांवर तांबडी पूड शिंपडीत, आणि तो ठसा क्रमाने उरलेल्या प्रत्येक शिळेवर दाबीत. तेलकट नसल्यामुळे ही तांबडी रेषा छापली जात नसे. ती कारागिराच्या मार्गदर्शनापुरती उरे. जितके रंग तितक्या शिळा. साधे चित्र असले तरी सहा-आठ शिळा लागत. उंची चित्रास दहा-पंधराही लागत.

मग खरा कारागीर कामास बसे. त्याच्यापुढे मूळ चित्र एकीकडे व कोरी शिळा दुसरीकडे असे. त्याने प्रत्येक शिळेवर काळ्या शाईनेच काम करावयाचे; कारण शिळेवर काढलेले सर्व काळेच दिसते, पिवळा रंग मशीनवर येतो. अर्थात मूळ चित्रातील हिरवा शेला पाहून त्यात पिवळे किती व निळे किती याचा हिशेब त्याने मनात करावा, मग पिवळ्याच्या शिळेवर एका दाटीचे व निळ्याच्या शिळेवर दुसऱ्या दाटीचे ठिपके टाकाने भरावेत, आणि ते एकमेकांवर पडले असता काय दिसेल हे आधीच डोळ्यांपुढे आणावे. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत वर्णिकाभंग हे शेवटचे. ते अंग या कारागिरास उलटे अवगत असावे लागे. चित्रकार रंग मिसळतो, हा मिसळलेले रंग सुटे करतो. सोमेश्वराच्या मानसोल्लासात शंख, दरद, अलक्तक, गैरिक, हरिताल, कज्जल अशी शुद्ध वर्णांची द्रव्ये सांगून मग मिश्र वर्णांचा विचार केला आहे. बाराव्या शतकातील त्या ग्रंथातील चित्रकारापुढेही मोजक्या द्रव्यांतून सर्व सृष्टी उभी करण्याचा प्रश्न होता, पण त्याने केलेले मिश्रण त्यास तेथल्या तेथे दिसत असे.

छापण्याचा क्रमही ठरलेला असे. सोनेरी काम असल्यास ते आधी, कारण त्याची पूड इतर ओल्या शाईस चिकटते. मग पिवळा व अंगकांतीचा फिका रंग, मग तांबडे, निळे, राखी, आणि शेवटी सर्वांस बांधून घेणारी गडद बाह्यरेषा. प्रत्येक शिळेच्या दोन्ही बाजूंस बारीक फुल्या काढलेल्या असत. त्या एकावर एक बसल्या की जुळणी बरोबर झाली. आपल्या हवेत हे काम फार कठीण होते. एकच कागद आठ वेळा मशीनखालून जावयाचा, प्रत्येक रंग वाळण्यास अवधी द्यावयाचा, आणि कागद तर दमट हवेत पसरतो व कोरड्या हवेत आखडतो. आषाढात पिवळा छापून भाद्रपदात निळा छापला तर फुल्या कशा जुळाव्यात? ज्या चित्रात ओठांची तांबडी छटा ओठांच्या रेषेबाहेर गेलेली दिसते, तेथे चित्रकाराच्या हातास दोष देण्यापूर्वी कागदाकडे पाहावे. ओठांप्रमाणेच शिरपेच, शाल व लोड हे सर्व त्याच दिशेस तितकेच सरकले असतील तर तो दोष जुळणीचा होय.

या सर्वांतून इतिहासाच्या दृष्टीने निष्पन्न होते ते असे. चित्रशाळेच्या एखाद्या छापील चित्रावरून त्या पुरुषाच्या पागोट्याचा बांध, बैठकीची ढब, हातातील वस्तू यांविषयी अनुमान करण्यास काही आधार आहे, कारण हे सर्व गिरवणीत येते व गिरवणी मूळ चित्रावर ठेवूनच होते. परंतु शालजोडीचा रंग हिरवा होता की निळा याविषयी त्यावरून बोलणे धाडसाचे आहे. हाताशी असलेल्या शिळांत जो रंग आधीच होता तोच शालीस द्यावा, शालीकरिता नववी शिळा करू नये, हा व्यवहार कोणत्याही छापखान्यात होणारच. आमच्या एका विद्वान मित्रांनी पेशवाईतील वस्त्रांच्या रंगांवर लिहिताना अशा छापील चित्रांचा आधार घेतला होता. त्यांची बखरीतील वाक्ये निर्दोष आहेत, पण चित्रांच्या आधाराचा भाग पुन्हा तपासावा लागेल असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

शिळा मात्र पाहावयास मिळत नाहीत. काम संपले की दगड घासून पुन्हा वापरीत; पोथीचा कागद धुऊन त्यावर नवी पोथी लिहावी तसाच हा प्रकार. म्हणूनच संग्राहकाने क्रमठशांचा शोध घ्यावा. कारागीर आपले काम तपासण्यासाठी प्रत्येक शिळेचा एकेकटा ठसा व पहिला, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा-तिसरा असे वाढत्या क्रमाचे ठसे काढीत असे. हे कागद चित्र म्हणून कुरूप असतात, म्हणून ते रद्दीत जातात. परंतु चित्राचा पाठ कसा सिद्ध झाला हे सांगणारे ते एकमेव साधन होय. जुन्या पेठांतील वाडे पाडताना अशा कागदांची पुडकी निघाली तर त्यांवर नजर ठेवावी. तेही न मिळाल्यास न कापलेल्या चित्राच्या कडेस रंगांचे लहान चौकोन राहिलेले असतात; ते मोजले म्हणजे शिळा किती होत्या ते कळते. चौकटीत बसविण्यासाठी ही कड कापून टाकणारे लोक आपल्याकडे फार.

रविवर्मा मुद्रणालयाची कथा सर्वश्रुत असल्याने ती थोडक्यात आटोपतो. ते १८९४ साली मुंबईस निघाले, जर्मन कारागीर आणवले, पुढे लोणावळ्यानजीक मळवलीस गेले व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने ते विकत घेतले. १९७२ च्या आगीत तेथील कारखाना जळाला. धुंडिराज गोविंद फाळके यांनी या मुद्रणालयाचे काम केले, पुढे स्वतःचा छापखाना काढला व १९०९ साली रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी ते जर्मनीस गेले, हा त्यांच्या चरित्रातील भाग चलच्चित्रांच्या कीर्तीखाली झाकला गेला आहे. तोवर तिरंगी ठोकळ्यांचे युग आले होते. १९१० साली चित्रशाळेने 'चित्रमय जगत्' काढले. पुण्यात इतिहाससंशोधनाचे मंडळ स्थापन झाले तेही त्याच साली.

तिरंगी ठोकळ्याने एक मोठी क्रांती केली: रंग सुटे करण्याचे काम कारागिराच्या डोळ्याकडून काढून कॅमेऱ्याकडे दिले. तांबड्या काचेतून घेतलेल्या छायाचित्रावरून निळ्याचा ठोकळा, हिरव्या काचेतून तांबड्याचा, व निळ्या काचेतून पिवळ्याचा. पुढे त्यांत काळ्याची भर पडून चार झाले. छटा उमटविण्यासाठी रेघांच्या जाळीतून छायाचित्र घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके पाडतात. चारही जाळ्या एकाच कोनात ठेवल्या तर चित्रावर चौकड्या दिसू लागतात, म्हणून काळ्याची पंचेचाळीस अंशांत व इतरांच्या निरनिराळ्या कोनांत ठेवतात. भिंगाखाली ठिपके ओळीने व नियमित असतील तर चित्र ठोकळ्याचे किंवा आजच्या ऑफसेटचे. ठिपके हाताने टाकलेले, कमीअधिक व अनियमित असतील तर ते रंगीत शिळाछापाचे. जुने म्हणून विकावयास येणाऱ्या चित्राची परीक्षा करण्यास याहून सोपे साधन नाही.

यांत्रिक झाले म्हणजे निर्दोष झाले असे मात्र नव्हे. अजिंठ्याचे उदाहरण घ्यावे. रॉबर्ट गिलने केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या स्फटिकमहालातील आगीत बहुतेक नष्ट झाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतील अनेक १८८५ साली दक्षिण केन्सिंग्टन येथे जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ साली निघाला, त्यातील रंगीत पत्रे लंडनच्या ग्रिग्ज यांच्या छापखान्यातील होत. लेण्यातील रंग त्यानंतरही झडत गेला आहे. म्हणजे काही आकृतींचा रंग आज भिंतीवर नाही, जळालेल्या नकलेतही नाही. तो एका छापील पत्रावर आहे, आणि त्या पत्रासाठी रंग सुटे कसे केले याची नोंद कोणाजवळ नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत एका अनुस्वाराचा पाठभेदही तळटीपेत नमूद आहे. त्याच आवृत्तीस औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी चित्रांसाठी मोठा आश्रय दिला व स्वतः कुंचला हाती घेतला. चित्रांच्या रंगभेदास तळटीप देण्याची चाल कोठेच नाही, तशी ती तेथेही नाही.

आता सांप्रतच्या कामाकडे वळतो. हल्ली जुन्या पोथ्यांच्या रंगीत प्रतिकृती काढण्याचा उत्साह पुष्कळ वाढला आहे. पोथीचे छायाचित्र किंवा स्कॅन घ्यावयाचा, त्याची फाइल दुरुस्त करावयाची व ती छापखान्यास पाठवावयाची. या मधल्या 'दुरुस्ती'नेच प्रस्तुत लेख लिहिण्यास भाग पाडले. काही वर्षांपूर्वी सप्तशतीच्या एका सचित्र पोथीची प्रतिकृती पाहण्यात आली. मूळ पोथीही याच शहरात एका स्नेह्यांकडे असल्याने दोहोंची तुलना करता आली. मूळ पोथीत लेखकाची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरून काही अक्षरे चुकीची पडली होती. त्याने त्यांवर हरताळ फिरवून वर बरोबर अक्षरे लिहिली होती. प्रतिकृतीत हरताळ नाहीसा झाला होता. कागदाचा पिवळटपणा काढून पार्श्वभूमी एकसारखी करावी म्हणून संगणकावर जी आज्ञा दिली, तिने हरताळालाही कागदाचा डाग समजून पुसून टाकले. परिणामी शोधलेला पाठ मूळचाच आहे असे दिसू लागले, आणि ती आदर्शप्रत कोणत्या शाखेची होती हे सांगणारा एकमेव पुरावा छापील प्रतीतून गेला. प्रतिकृती दिसावयास सुंदर होती.

जुन्या काळी उलट घडत असे. पूर्वीच्या छायाचित्रणाच्या काचा निळ्या रंगास संवेदनशील व पिवळ्या-तांबड्यास जवळजवळ अंध असत. तेव्हा हरताळ काळपट उमटे व हिंगुळाने लिहिलेली अक्षरे काजळाच्या अक्षरांइतकीच काळी दिसत. निदान तेथे काही तरी घडले आहे एवढे कळत असे.

यास्तव प्रतिकृतीची फाइल तयार करविणाऱ्यांनी पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात, केवळ छापखान्यावर सोडू नयेत. पत्राचे छायाचित्र घेताना शेजारी रंगपट्टी व मोजपट्टी ठेवावी. पत्राखाली फिक्या करड्या रंगाचा कोरा कागद घालावा. नाही तर कसरीच्या भोकातून खालच्या पत्रावरील शाई डोकावते आणि ते भोक अनुस्वारासारखे दिसते. फाइल केवळ काळी-पांढरी केली तर हा धोका दुप्पट होतो: फिके अनुस्वार गळतात व भोके अनुस्वार बनतात. संस्कृत पाठात यांपैकी एकही गोष्ट क्षुल्लक नाही. छपाईची जाळी इंचास दीडशे रेघांची असेल तर फाइलीत छापावयाच्या मापावर इंचास तीनशे बिंदू हवेत. म्हणजे बारा इंच लांब व पाच इंच रुंद पत्रास ३६०० गुणिले १५०० बिंदू. संग्रही ठेवावयाची मूळ फाइल याच्या दुप्पट असावी, व ती टिफ स्वरूपात असावी. जेपेग फाइल पुन्हा पुन्हा उघडून साठविली की अक्षरांच्या कडांभोवती धुरकट ठिपके जमतात.

रंगाविषयी. संगणकाचा पडदा तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांनी रंग दाखवितो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांनी. पडद्यावर दिसणारा प्रत्येक रंग शायांत येतोच असे नाही. हिंगुळाचे तेज चार शायांत थोडे उतरते, आणि सोने तर मुळीच येत नाही. त्याचा पिवळा-तपकिरी डाग होतो. सोन्याच्या चौकटीची पोथी असेल तर पाचव्या शाईचा खर्च करावा, नाही तर 'चौकट सोनेरी आहे' असे पत्राखाली छापावे. रूपांतर एकदाच, अखेरीस, त्या छापखान्याने व त्या कागदासाठी दिलेल्या प्रोफाइलनुसार करावे. तुकतुकीत कागदाचे प्रोफाइल खरबरीत कागदास चालत नाही, तेथे शाई शोषली जाऊन चित्र काळवंडते. चारही शाया भरगच्च धरल्या तर बेरीज चारशे टक्के होते. बहुतेक छापखाने तीनशेच्या आसपास मर्यादा सांगतात, ती आधी विचारावी. नमुना ५००० केल्विनच्या प्रकाशात पाहून संमती द्यावी. छापखान्यातील साध्या नळीच्या दिव्याखाली पोथीचा कागद हिरवट दिसतो व मग नसता तांबडा वाढविला जातो.

समासाची गोष्ट विशेष काळजीची आहे. छापलेला कागद कापताना थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून चित्र कडेपर्यंत न्यावयाचे असल्यास चोहोंकडे तीन मिलिमीटर अधिक भाग ठेवण्याची छापखान्याची अट असते. मांडणी करणारा मनुष्य हा अधिक भाग पोथीच्या पत्रातूनच घेतो. म्हणजे मूळ पत्राचे तीन मिलिमीटर कापले जातात. पत्रांक व ग्रंथनामाची आद्याक्षरे बहुधा तेथेच असतात. पत्र सबंध, त्याच्या फाटक्या कडांसह, एखाद्या फिक्या रंगाच्या भूमीवर ठेवावे आणि कडेपर्यंत ती भूमी जाऊ द्यावी. नव्याने जोडावयाचा देवनागरी मजकूर शुद्ध काळ्या एकाच शाईत ठेवावा. तो चार शायांत गेला व जुळणी केसभर चुकली की शिरोरेषेस रंगीत कड येते. फाइलीत अक्षरसंच अंतर्भूत केल्याची खात्री करावी. तसे न केल्यास दुसऱ्या यंत्रावर जोडाक्षरे फुटून हलन्त चिन्हे उघडी पडतात, आणि पीडीएफ पाहिल्यावाचून छपाईस सोडली तर ती तशीच छापली जातात.

या सर्वांची नोंद प्रतिकृतीच्या अखेरीस एका पानात देता येते: छायाचित्र कोणत्या दिवशी व कोणत्या प्रकाशात घेतले, कोणत्या पत्रावर कोणती दुरुस्ती केली, कोणते डाग ठेविले व कोणते काढले, रूपांतर कोणत्या प्रोफाइलने झाले. पोथीलेखक आपला शक, स्थळ व नाव शेवटच्या पत्रावर लिहीत असे. त्याच जागी हे पान यावे. दुरुस्त न केलेल्या मूळ फाइली दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवून, त्यांवर पोथीचा क्रमांक व पत्रांक घालून, वर्षातून एकदा त्या उघडतात की नाही हे पाहण्याचे काम संग्रहपालाकडे सोपवावे.